उभी रेघ सरळ का येत नाही? लेझर स्कॅनरमधल्या टायमिंगचा गुंता

तिरपीरेघ

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज स्वतःच्याच अडचणीपायी धागा काढतोय.

एका बंद पडलेल्या लेझर प्रिंटरचं स्कॅनर युनिट हाती लागलं. आत सहा पैलूंचा आरसा, त्याची मोटर, दोन लांबुडकी भिंगं आणि कडेला एक चिमुकला फोटोसेन्सर. मूळचा इन्फ्रारेड डायोड काढून ४०५ नॅनोमीटरचा जांभळा बसवला. बेत असा की ड्राय फिल्म (प्रकाशाने बदलणारा पातळ थर) लावलेल्या पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या बोर्डावर, थेट लेझरनेच सर्किट उमटवायचं. किरण आडवा फिरतो, बोर्ड खाली स्टेपर मोटरवर सरकतो.

आरशाची मोटर मूळची मिनिटाला २४,००० फेऱ्यांची. फिल्मला प्रकाश जास्त मिळावा म्हणून मी ती अर्ध्या वेगाने चालवतोय, म्हणजे १२,०००. सेकंदाला २०० फेऱ्या, गुणिले सहा पैलू, १२०० ओळी. ओळीच्या सुरुवातीला किरण सेन्सरवरून जातो, तिथून पल्स येतो, त्यावर मायक्रोकंट्रोलरचा इंटरप्ट (हातातलं काम सोडून हे आधी कर, असा इशारा), आणि इंटरप्टमधून एसपीआयवर, म्हणजे एकामागून एक बिट धाडणाऱ्या तारेवर, ओळीचा डेटा लेझरकडे.

आडव्या रेघा झकास येतात. उभी रेघ मात्र डावीकडे, म्हणजे जिथे ओळ सुरू होते तिथे, केसाळ दिसते. उजवीकडे तर चक्क नागमोडी. दर पाच-सहा ओळींनी वळतेय असं वाटतं. सहा पैलू, सहा ओळी, म्हणजे आरसाच वाकडा ना? दुसरा शोधायला घेऊ का?

जुनाआरसा

थांबा, आरशाला इतक्यात फासावर देऊ नका. मी आयुष्याची बरीच वर्षं असली युनिटं उघडण्यात घालवली आहेत. आरसा दोषी निघाला असे प्रसंग मोजके.

तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या चुका दिसतात. डावीकडचे केस आणि उजवीकडचे नागमोडी वळण यांचं मूळ एक नसावं. एकेक घेऊ. आधी आकडे मांडा, त्याशिवाय या विषयात बोलणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले, तर एक पिक्सेल ४२.३ मायक्रॉनचा. स्कॅनची रुंदी साधारण २१६ मिलिमीटर धरली तर ओळीत सुमारे ५१०० पिक्सेल. तुमची एक ओळ ८३३ मायक्रोसेकंदांची. त्यातला सगळा वेळ काही कामाचा नसतो, पैलूची कड ओलांडताना किरण भलतीकडेच असतो. ६० टक्के वेळ उपयोगी धरला तर ५०० मायक्रोसेकंदांत ५१०० पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलला ९८ नॅनोसेकंद.

आता तुमच्या इंटरप्टकडे बघा. पल्स आल्यापासून पहिली सूचना चालेपर्यंत प्रोसेसरला डझनभर सायकल लागतात. तेवढ्यात यूएसबीचा किंवा स्टेपरचा इंटरप्ट मध्ये घुसला तर हा पहिला दारात ताटकळतो. कधी शंभर नॅनोसेकंद, कधी दोन-तीन मायक्रोसेकंद. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, सगळी ओळ सारखीच सरकते. दर ओळीला उशीर वेगळा झाला की मात्र रेघेला केस फुटतात.

कोणता कंट्रोलर वापरताय?

तिरपीरेघ

आरपी२०४०, १२५ मेगाहर्ट्झवर. स्टेपर आणि यूएसबी दोन्ही त्याच कोअरवर आहेत हे आता कबूल करायला लाज वाटते.

हुकूमशहा

मूलभूत प्रश्न विचारतो, हसू नका. सेन्सर, पल्स, वाट बघणं, हा खटाटोप कशाला? आरशालाच क्रिस्टलच्या घड्याळावर पक्कं बांधून ठेवलं की तो कुठल्या क्षणी कुठे आहे हे आपल्याला ठाऊकच असणार.

जुनाआरसा

हसत नाही, प्रश्न वर्मावर आहे. अशा कुठल्याही यंत्रात मी पहिल्यांदा हेच विचारतो, इथे घड्याळाचा मालक कोण? आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, जो वाकत नाही तो.

मोटरच्या ड्रायव्हरमध्ये फेज-लॉक लूप असतं, ते क्रिस्टलशी सरासरी वेग जुळवून ठेवतं. पण समजा वेग फक्त ०.०१ टक्क्याने हलला. दहा हजारात एक, चांगल्या मोटरला शोभेल असा आकडा. तरी ५१०० पिक्सेलच्या ओळीच्या शेवटी अर्ध्या पिक्सेलची चूक होते. ही एका ओळीची गोष्ट. सेन्सर नसता तर हीच चूक पुढच्या ओळीत, त्याच्या पुढच्या ओळीत साठत गेली असती आणि शंभर ओळींनी चित्राचा पत्ता लागला नसता. फिरता आरसा जड आहे, त्याला नॅनोसेकंदांच्या हिशेबात ढकलता येत नाही. लेझर मात्र म्हणाल त्या क्षणी लागतो आणि विझतो. तेव्हा वाकायचं लेझरने. आरसा म्हणेल "आलो", की मग आपली मोजणी सुरू.

सेन्सरच्या त्या पल्सला कुणी बीम डिटेक्ट म्हणतात, कुणी स्टार्ट ऑफ स्कॅन. आमच्यात नुसतं बीडी.

काचबिंदू

आडव्या रेघा झकास येतायत त्याचं श्रेय आरशाला नाही, त्या लांबुडक्या भिंगाला द्या. पैलू आरशाच्या दांड्याशी तंतोतंत समांतर कधीच नसतात, एखादा किंचित वर बघतो, एखादा खाली. त्यामुळे ओळी वरखाली सरकायला हव्यात. दंडगोल भिंग किरणाला उभ्या दिशेने पैलूवरच एकवटतं आणि पुढचं भिंग तो बिंदू ड्रमवर (प्रिंटरमधल्या चित्र उमटणाऱ्या नळकांड्यावर) उतरवतं, त्यामुळे पैलू थोडा कलला तरी ओळ जागा सोडत नाही. झेरॉक्समध्ये गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर घडवला तेव्हा ही युक्ती निर्णायक ठरली होती. १९७१ मध्ये त्यांचं यंत्र चालू झालं, १९७७ मध्ये त्यातून झेरॉक्स ९७०० बाजारात आला. ती युक्ती नसती तर आरशाचे पैलू इतके अचूक घासावे लागले असते की प्रिंटर कुणाला परवडला नसता.

टायमिंगने ही उभी चूक सुधारता येत नाही एवढंच सांगायचं होतं. तुमच्या बाबतीत ती आहेच कुठे म्हणा.

तिरपीरेघ

काल रात्री इंटरप्ट काढून टाकला. बीडीच्या पल्सवर आता हार्डवेअरच डीएमए (डेटा परस्पर पोचवणारी यंत्रणा) सुरू करतं, प्रोसेसरचा हात लागत नाही. मोठाले केस गेले. पण भिंगाखाली बघितलं तर डावी कड अजून एका पिक्सेलने आतबाहेर होतेय. पिक्सेलभर, जास्त नाही. आणि उजवीकडचा नाग जसाच्या तसा.

टिकटिक

एका पिक्सेलभर म्हणालात तिथेच रोगाचं नाव कळलं.

तुमचं एसपीआय घड्याळ आपल्याच तालात टिकटिकत असतं. बीडीचा पल्स येतो तो कुठल्याही क्षणी, टिकटिकीच्या ऐन ठोक्यावर, दोन ठोक्यांच्या मध्ये, कुठेही. हार्डवेअर म्हणतं, "बरं, पुढच्या ठोक्याला सुरू करतो." तो पुढचा ठोका लगेच असेल किंवा जवळपास पूर्ण ९८ नॅनोसेकंदांनी असेल. म्हणून शून्य ते एक पिक्सेल अशी चूक. ट्रिगर हार्डवेअरचा केलात हे उत्तम, पण दोन घड्याळांची ओळखच करून दिली नाही तर त्याचा उपयोग अर्धाच.

उपाय तीन-चार आहेत. सर्वात सोपा म्हणजे पिक्सेलच्या आठपट किंवा सोळापट वेगाचं घड्याळ घ्यायचं, ते भागून पिक्सेल क्लॉक काढायचं, आणि भागणारा काउंटर बीडी आला की शून्यावर आणायचा. मग चूक राहते ती पिक्सेलच्या आठव्या किंवा सोळाव्या हिश्शाएवढी. दुसरा, एकाच घड्याळाच्या पावपाव फेजने सरकवलेल्या अनेक प्रती तयार ठेवायच्या आणि बीडीच्या क्षणी जिचा ठोका सर्वात जवळ असेल ती त्या ओळीपुरती निवडायची. जुन्या प्रिंटरांत हेच काम डिले लाइनवर केलेलं सापडतं. तिसरा, ऑसिलेटरच असा घ्यायचा जो बीडी आल्यावर सुरू होतो आणि ओळ संपली की थांबतो. दिसायला देखणा, पण सुरुवातीच्या काही ठोक्यांत त्याची फ्रिक्वेन्सी स्थिरावलेली नसते, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

तुमच्याकडे आरपी२०४० आहे तर पीआयओ (त्याच चिपमधला, पिना हाताळणारा स्वतंत्र भाग) वापरा ना! त्याच्या छोट्या स्टेट मशीनला सांगा, बीडीच्या पिनची वाट बघ, आली की एवढी सायकल थांब, मग दर १२ सायकलला एक बिट बाहेर टाक. एक सायकल ८ नॅनोसेकंदांची. पिनवरच्या सिंक्रोनायझरचे दोन सायकल जातात, पण ते दर वेळी जातात, त्यांची चिंता नको. अनिश्चितता उरते ती एका सायकलची. ९८ वरून ८ नॅनोसेकंदांवर याल.

एक सावधगिरी. पीआयओचा अपूर्णांकातला क्लॉक डिव्हायडर वापरू नका. तो सरासरी बरोबर ठेवण्यासाठी मध्येच एखादी सायकल जास्त घालतो, म्हणजे जिटर (ठोक्यांच्या वेळेतली थरथर) पुन्हा मागच्या दाराने आत. पूर्णांकच ठेवा. १२ सायकल म्हणजे ९६ नॅनोसेकंद, चित्र दोनेक टक्के आखूड येईल, ते डेटामध्ये ताणून घ्या.

हुकूमशहा

मी हट्ट सोडत नाही. आरशाच्या दांड्यावर एन्कोडर बसवला तर? प्रत्येक पिक्सेलचा ठोका थेट आरशाच्या कोनावरून.

टिकटिक

हिशेब करा. एका पैलूचे ६० अंश, त्यातले ६० टक्के म्हणजे ३६ अंश कामाचे. ३६ अंशांत ५१०० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला साधारण २५ आर्कसेकंद. नुसता पिक्सेल दिसायला एवढं, त्याचे आठ भाग करायचे तर तीन आर्कसेकंद. मिनिटाला चोवीस हजार फेऱ्या मारणाऱ्या दांड्यावर असा एन्कोडर बसवणं सोपं नाही, आणि बसवला तरी तो दांड्याचा कोन सांगेल, पैलूचा नाही.

पण तुमची कल्पना वाया जाणारी नाही. उच्च दर्जाच्या काही प्लॉटरमध्ये लिहिणाऱ्या किरणासोबत दुसरा एक क्षीण किरण त्याच पैलूवरून पाठवतात आणि तो बारीक पट्ट्यांच्या जाळीवरून नेतात. जाळीमागचा सेन्सर लुकलुकतो तोच पिक्सेल क्लॉक. मोटर हळू झाली, घड्याळही हळू झालं. किरणच एन्कोडर. प्रिंटरला एवढा थाट परवडत नाही, म्हणून तिथे ओळीला एकच टिंब, बीडी.

काचबिंदू

अवांतर होतंय, पण राहवत नाही. फिरत्या आरशाचे पैलू आणि वेळ यांचा सर्वात सुंदर प्रयोग लेझर जन्माला येण्याच्या कितीतरी आधी झाला. अल्बर्ट मायकेलसन यांनी १९२६ मध्ये जाहीर केलेलं प्रकाशाच्या वेगाचं मापन. माउंट विल्सनवर आठ पैलूंचा आरसा, समोर सुमारे ३५ किलोमीटरवर माउंट सॅन अँटोनियोवर परतीचा आरसा. एका पैलूवरून निघालेला प्रकाश जाऊन परत येईपर्यंत आरसा नेमका एक अष्टमांश फिरला पाहिजे, म्हणजे शेजारचा पैलू बरोब्बर आधीच्याच्या जागी. त्यासाठी वेग लागला सेकंदाला सुमारे ५२८ फेऱ्या. ५२८ गुणिले आठ, म्हणजे पैलूमागे २३७ मायक्रोसेकंद. तिरपीरेघ यांची मोटर पूर्ण वेगाने धावली तर पैलूमागे ४१७. एकाच पट्टीतले आकडे!

आणि आरशाचा वेग ताडून पाहायला वापरलं काय, तर ट्यूनिंग फोर्क. उत्तर आलं सेकंदाला २,९९,७९६ किलोमीटर.

जुनाआरसा

असं अवांतर रोज होऊ दे.

सूक्ष्मा

वाचते आहे. मी लेझर स्कॅनिंग मायक्रोस्कोपवर काम करते. आमच्याकडे बहुकोनी आरसा नाही, रेझोनंट गॅल्व्हो आहे. एकच आरसा, सेकंदाला सुमारे ८००० वेळा डोलणारा. त्याच्या घड्याळाबद्दल तर बोलायलाच नको, तो स्वतःच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीवरच डोलणार, तापमान बदललं की तीही सरकणार. "मालक कोण" या प्रश्नाचं इतकं निर्विवाद उत्तर दुसरीकडे मिळणार नाही.

आमची डोकेदुखी दुहेरी. पहिली, वेग एकसारखा नाही. झोका मध्ये जोरात जातो, टोकाला रेंगाळतो. आम्ही झोक्याच्या मधल्या ९० टक्के पल्ल्यात ५१२ पिक्सेल घेतो. त्यात मधला पिक्सेल ७० नॅनोसेकंदांचा आणि कडेचा १६० चा! समान अंतराने टिकटिकणारं घड्याळ वापरलं तर चित्र कडांना ताणलेलं येतं. म्हणून नमुने जलद घ्यायचे आणि नंतर साइनच्या तक्त्यावरून पिक्सेलमध्ये वाटायचे.

दुसरी तुमच्या कामाची आहे. आम्ही जाताना आणि येताना दोन्ही वेळा ओळ घेतो. सिंक सिग्नल आणि आरशाची खरी जागा यात जरा जरी फरक असेल तर सम ओळी एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला सरकतात. पेशीची कड कंगव्यासारखी दिसते. यंत्र तापेपर्यंत तो फेज दर थोड्या वेळाने पुन्हा जुळवावा लागतो. नवीन मुलांना वाटतं नमुनाच हलतोय. मी त्यांना आधी ओळी मोजायला लावते. कंगव्याचा दात एका ओळीचा असेल तर आरसा, दहा-बारा ओळींचा असेल तर टेबलाचा थरथराट.

तेव्हा तिरपीरेघ, तुमचा नाग "पाच-सहा ओळींनी" वळतो हे मोजलंत की वाटलं?

तिरपीरेघ

वाटलं. 🙈

रंगपट्टा

मी लेझर शोवाला, माझ्याकडे सगळंच याहून ढोबळ. आमचे गॅल्व्हो (आज्ञेप्रमाणे वळणारे छोटे आरसे) सेकंदाला तीस हजार बिंदूंच्या हिशेबाने चालतात आणि आज्ञा मिळाल्यावर काहीशे मायक्रोसेकंदांनी तिथे पोचतात. लेझर मात्र तत्काळ रंग बदलतो. म्हणून रंगाचा सिग्नल मुद्दाम मागे ठेवावा लागतो, त्याला आम्ही ब्लँकिंग शिफ्ट म्हणतो. ती कमी पडली तर अक्षराच्या सुरुवातीला शेपटी, जास्त झाली तर शेवटी. डोळ्याने बघत बघत फिरवायची आणि शेपटी गेली की सोडून द्यायची. नॅनोसेकंदवाल्यांना कोपरापासून नमस्कार.

फेम्टो

उलट टोकाचं उदाहरण देतो. अतिलघु पल्सच्या लेझरने धातूवर कोरताना पॉलिगॉन (असाच बहुकोनी फिरता आरसा) वापरला की मालकीच बदलते. त्या लेझरचे पल्स आतल्या ऑसिलेटरच्या तालावर येतात, आपण हवा तेव्हा पल्स मागू शकत नाही, फक्त येणाऱ्यांतून निवडू शकतो. पल्स एक मायक्रोसेकंदाच्या अंतराने आणि बिंदूचा वेग सेकंदाला १०० मीटर असेल तर दोन खुणांत १०० मायक्रॉन. बीडी आल्यावर पुढच्या पल्सची वाट बघायची म्हणजे ओळीची सुरुवात १०० मायक्रॉनपर्यंत कुठेही. इथे मात्र श्री. हुकूमशहा जिंकतात! मोटरचं संदर्भ-घड्याळ लेझरच्या ऑसिलेटरवरूनच काढायचं आणि आरशाला फेजसकट त्याच्या तालावर आणायचं. सावकाश येतो, पण येतो.

हुकूमशहा

आभारी आहे. हा प्रतिसाद चौकट करून लावणार.

तिरपीरेघ

पीआयओ लावला. डावी कड ब्लेडने कापल्यासारखी! टिकटिक, तुमचे किती आभार मानू. भिंगाखाली पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

नाग अजून आहे. पण सूक्ष्माताईंनी कान पिळल्यावर नीट बघितलं. डावीकडे नाही, मध्यावर अर्धा, उजव्या टोकाला सर्वात मोठा, दोन्हीकडे दोन-दोन पिक्सेल.

जुनाआरसा

हे फार मोलाचं निरीक्षण दिलंत. चूक ओळभर सारखीच असेल तर तिचा उगम सेन्सरच्या पल्समध्ये. ओळीबरोबर वाढत जात असेल तर घड्याळ आणि आरसा यांचं प्रमाण बिघडलंय. तुमची वाढतेय. तेव्हा सेन्सर सुटला.

आता उरले दोघे. पैलू किंचित फुगीर-खोलगट किंवा आरसा दांड्यावर मध्यापासून सरकलेला असेल, तर त्या पैलूची ओळ कमी-जास्त लांबीची होईल. किंवा मोटरचा वेग हेलकावतोय. पैलूंमधला कोन चुकला असेल तर मात्र काळजी नको. तो पैलू लवकर वा उशिरा येतो, पण बीडी पण त्याच्याबरोबर तेवढाच लवकर वा उशिरा येतो. चूक आपोआप पुसली जाते.

दोघांना वेगळं करायला एक सोपी चाचणी. उजव्या कडेला शेजारी-शेजारी सहा उभ्या रेघा काढा. पहिली रेघ फक्त १, ७, १३... या ओळींत, दुसरी २, ८, १४... अशी. म्हणजे एकेक रेघ एकेका पैलूची. कुठला पैलू पहिला याचं सोयरसुतक नाही, मध्ये एकही बीडी चुकला नाही म्हणजे झालं. पैलूचा दोष असेल तर सहाही रेघा सरळ येतील, फक्त त्यांच्यातली अंतरं असमान. मोटरचा असेल तर सहाही एकसाथ डुलतील.

वाटसरू७

वाखूसा (वाचनखूण साठवली). गोष्टीतला गुन्हेगार कोण ते बघायला परत येईन.

तिरपीरेघ

सहाही डुलतायत! एकसाथ, अगदी हातात हात घालून. आणि या वेळी ओळी मोजल्या. एक हेलकावा सुमारे ३० ओळींचा. पाच-सहा नव्हेच.

जुनाआरसा

चला, आरसा निर्दोष सुटला. सेकंदाला १२०० ओळी, हेलकावा ३० ओळींचा, म्हणजे सेकंदाला ४० वेळा. ५१०० पैकी दोन पिक्सेल म्हणजे ०.०४ टक्के. मोटरचं लूप शिकार करतंय, आमच्या भाषेत हंटिंग.

कारण तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे, मीच वाचून पुढे गेलो. तुम्ही ती अर्ध्या वेगाने चालवताय. ड्रायव्हरच्या लूपमधले फिल्टर २४,००० फेऱ्यांसाठी ठरवलेले. अर्ध्या वेगाला फीडबॅकचे पल्स अर्ध्याच गतीने येतात, दुरुस्ती उशिरा पोचते. त्यात हवेचं घर्षण, जे हेलकाव्याला आपसूक दाबतं, तेही घटलेलं. लॉकची (वेग जुळल्याची खूण देणारी) जी तार ड्रायव्हरमधून बाहेर येते ती स्कोपवर बघा, मधूनमधून फडफडत असेल.

तिरपीरेघ

फडफडतेय. पण पूर्ण वेगाने नेलं तर फिल्मला प्रकाश कमी पडेल त्याचं काय?

टिकटिक

कमी पडणार नाही! इथे सगळेच फसतात, मी पण फसलो होतो. आरसा दुप्पट वेगाने फिरला तर एका ओळीत एका ठिकाणी प्रकाश अर्धा पडतो, बरोबर. पण तेवढ्याच वेळात ओळीही दुप्पट होतात. लेझरची ताकद तीच, बोर्ड सरकण्याचा वेग तोच, तर चौरस सेंटिमीटरमागे मिळणारा प्रकाश तोच. फिल्मच्या मात्रेचा संबंध बोर्डाच्या वेगाशी आहे, आरशाच्या नाही. एकच ओळ दोनदा लिहा, किंवा बोर्ड आणखी हळू करून सहा वेळा, सहाही पैलूंनी एकेकदा.

सहा वेळा लिहिण्याचा फायदा-तोटा सांगून ठेवतो. पैलूंमधले बारीक फरक सरासरीत विरतात, रेघ सरळ दिसते, पण कड किंचित मऊ होते. पीसीबीला मला तरी मऊ कड परवडते, वाकडी नाही. मात्र सहा वेळांची मात्रा आताच्या तिप्पट होईल, लेझर त्या हिशेबाने मंद करा.

काचबिंदू

एक धोक्याची सूचना, कुणीच काढली नाही म्हणून. ४०५ नॅनोमीटरचा किरण फिरत असतो तोवर पसरलेला असतो. मोटर थांबली आणि लेझर चालू राहिला तर सगळी ताकद एका बिंदूत. ठरलेल्या वेळेत बीडी आला नाही की लेझर बंद, हे हार्डवेअरमध्ये बांधा, प्रोग्रामच्या भरवशावर ठेवू नका. आता तुम्ही म्हणाल, बीडी यायला लेझर लागतो आणि लेझर लागायला बीडी. म्हणून क्रम असा: मोटरचा लॉक आधी, मग थोड्याच वेळापुरता लेझर लावून बीडी शोधायचा, सापडला की पुढे दर ओळीला सेन्सरच्या जरा आधी लावायचा आणि पल्स मिळताच विझवायचा. आणि झाकण उघडं असताना चष्म्याशिवाय डोकावू नका.

तिरपीरेघ

तीन दिवसांनी येतोय. काचबिंदूंची साखळी आधी बांधली, मग बाकीचं.

मोटर २४,००० वर, पिक्सेल ६ सायकलचा, ४८ नॅनोसेकंद. नाग मेला! लॉकची तार ढिम्म. बोर्डाचा वेग तोच ठेवून ओळ दोनदा लिहिली, फिल्मला प्रकाश अगदी पूर्वीएवढाच मिळतोय. मी उगाच एवढे दिवस मोटरचा गळा दाबून बसलो होतो.

उत्साहाच्या भरात सहा रेघांची चाचणी पुन्हा केली. पाच रेघा समान अंतरावर. सहावी थोडी उजवीकडे, साधारण १७ मायक्रॉन. आणि जुनाआरसा यांच्या कसोटीने बघितलं, डावीकडे जेवढी सरकलेली तेवढीच उजवीकडे. म्हणजे सेन्सर?

जुनाआरसा

शाबास, आता तुम्हीच निदान करताय. बिंदूचा वेग आता सेकंदाला ८६४ मीटर, ध्वनीच्या अडीचपट. १७ मायक्रॉन म्हणजे २० नॅनोसेकंद. त्या एका पैलूचा बीडी २० नॅनोसेकंद उशिरा उमटतोय.

किरणाचा ठिपका ८० मायक्रॉनचा धरला तर सेन्सरची कड ओलांडायला त्याला ९० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे पल्स काही भिंतीसारखा उभा चढत नाही, उतरंडीसारखा चढतो. कंपॅरेटरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या उंचीला सिग्नल पोचला की "पल्स आला" असं धरायचं ती पातळी, ठरलेला. प्रकाश कमी असेल तर ती उतरंड बुटकी, आणि थ्रेशोल्डला पोचायला उशीर. चांगल्या यंत्रांत म्हणून सेन्सरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी ठेवतात आणि दोघांवर प्रकाश समसमान झाला तो क्षण पकडतात, मग किरण मंद असो की प्रखर, क्षण हलत नाही. तुमचा सेन्सर मुळात इन्फ्रारेडसाठी, जांभळ्याला तो तसाच थोडा आंधळा, त्यात सिग्नल काठावरचा. पण मग एकच पैलू का मंद? डायोड बदलताना आरशाला हात लागला होता?

तिरपीरेघ

...टॉर्च मारून बघितला. एका पैलूवर माझ्या बोटाचा ठसा. स्पष्ट, रेषांसकट.

टिकटिक

पहिल्या दिवशीचा आरोपी आणि फिर्यादी एकच निघाला म्हणायचा.

जुनाआरसा

घासू नका! लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, कागद पैलूवर ठेवून स्वतःच्याच वजनाने एकदा ओढायचा. दुसऱ्यांदा नवा कागद. वरचा थर फार पातळ असतो, ओरखडा उठला तर खरोखर आरसा बदलावा लागेल.

तिरपीरेघ

दोन कागदांत ठसा गेला. सहावी रेघ आता पाचांच्या रांगेत आहे, फरक राहिलाय तो ८ नॅनोसेकंदांच्या आत, म्हणजे माझ्या घड्याळालाच त्यापुढचं दिसत नाही. सेन्सरचा थ्रेशोल्डही थोडा खाली आणला.

शेवटचा बोर्ड धुऊन काढला. शंभर मिलिमीटरची उभी रेघ, वरपासून खालपर्यंत पट्टी लावून बघितली. संपादक मंडळाला विचारायचं होतं, आयडी बदलून मिळतो का?